जहाजावर लाल बावटा नव्हता

श्रमिक बंधूंनो आणि भगिनींनो,

14 एप्रिल 1944 ची दुपार आठवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ हे जहाज लागून दोन दिवस झाले होते. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा आणि स्फोटके होती. त्याच पोटात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या, आणि इंग्लंडहून आलेल्या सोन्याच्या विटाही होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा चढवावा, हा बंदराचा शिरस्ता. या जहाजावर लाल बावटा नव्हता. पाठीवर ओझे घेऊन धक्क्यावरून चालणारा हमाल, बंबाची नळी घेऊन धावत आलेला जवान, शेजारच्या वखारीत खतावणी लिहिणारा कारकून, यांतल्या बहुतेकांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे ठाऊक नव्हते. कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. दूर सिमल्यातल्या भूकंपमापक यंत्रानेही त्या हादऱ्याची नोंद घेतली. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या आणि हजारो संसार उघड्यावर आले.

मेली किती माणसे? कोणी 800 सांगतो, कोणी 1,300. नेमका आकडा आजही कोणापाशी नाही. सकाळी नाक्यावरून उचलून आणलेल्या रोजंदारीच्या हमालाचे नाव कोणत्या वहीत सापडणार? सोन्याच्या विटा मात्र मोजलेल्या होत्या. त्यांतली एक तर उडून दूरच्या एका घराच्या व्हरांड्यात जाऊन पडली होती. पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना वीट सापडली की ती जमा होत असे, तिची नोंद होत असे. रणभूमी शेकडो कोस दूर असलेल्या युद्धाने मुंबईत येऊन आमची माणसे भाजली, आणि त्या युद्धाच्या सेन्सॉरने आमच्या मरणाची बातमीसुद्धा कित्येक आठवडे दाबून ठेवली.

ही कहाणी आज सांगण्याचे कारण आहे. गेली काही वर्षे जगातले विद्वान एक प्रश्न चर्चीत आहेत: युद्धे कमी होत आहेत काय? 2011 मध्ये स्टीव्हन पिंकर यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहून मांडले की मानवजात शतकानुशतके हिंसेपासून दूर सरकत आली आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्यच नाही असे मी म्हणणार नाही. 1945 नंतर तिसरे महायुद्ध झाले नाही. एकमेकांच्या नरडीला लागलेले फ्रान्स आणि जर्मनी आज एकाच चलनात व्यवहार करतात. या शतकाच्या पहिल्या दशकात रणांगणावरच्या मृत्यूंचे प्रमाण खरोखरच खाली आले होते. ज्यांच्या कष्टाने हे घडले, त्यांना आपण कृतज्ञतेने नमस्कार केला पाहिजे. परंतु ग्रंथाची शाई वाळते न वाळते तोच सीरिया पेटला. मग येमेन, मग टिग्राय, मग युक्रेन, मग सुदान, मग गाझा. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगातल्या सशस्त्र संघर्षांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. त्या नोंदीनुसार 2024 मध्ये 36 देशांत असे 61 संघर्ष चालू होते, ज्यांत किमान एका बाजूला राज्यसत्ता उभी होती. 1946 पासून इतका मोठा आकडा कधीच नव्हता. त्याच वर्षअखेर जगात 12 कोटी 32 लाख माणसे युद्धाने, छळाने, हिंसेने घरातून उखडलेली होती. आणि त्याच वर्षी जगातल्या सरकारांनी लष्करावर 2 लाख 71 हजार 800 कोटी डॉलर खर्च केले. एका वर्षात 9.4 टक्क्यांची वाढ! शीतयुद्ध संपल्यापासून एवढी उडी या खर्चाने कधी मारली नव्हती.

लोकसंख्याही वाढली आहे, तिच्या प्रमाणात मेलेल्यांचा हिस्सा लहान आहे, असे यावर सांगितले जाते. बंधूंनो, ज्या माउलीचा एकुलता एक मुलगा गेला, तिच्या घरात मृत्यूचे प्रमाण किती असते? पृथ्वीवर माणसे अधिक जन्मली म्हणून एका प्रेताचे वजन घटते काय? कारखान्यात कामगार दुप्पट झाले म्हणून यंत्रात तुटलेल्या बोटांची भरपाई निम्मी करू, असे एखादा मालक म्हणाला, तर द्वारसभेत आपण त्याला काय उत्तर देऊ?

आकड्यांचा आदर कसा करावा हे शिकायचे असेल तर लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे पाहा. तो क्वेकर पंथाचा होता आणि शस्त्र न धरण्याचे त्याचे व्रत होते. पहिल्या महायुद्धात त्याने फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणारी गाडी चालवली आणि मिळेल त्या फुरसतीत हवामान गणिताने कसे वर्तवावे याची आकडेमोड केली. युद्ध संपल्यावर त्याचे हवामान खाते विमान खात्याच्या, म्हणजे लष्करी यंत्रणेच्या, ताब्यात गेले. रिचर्डसनने नोकरीचा राजीनामा दिला. हवेच्या भोवऱ्यांवरचे आपले संशोधन विषारी वायूच्या तज्ज्ञांना उपयोगी पडते आहे हे ध्यानात येताच त्याने ते कामच सोडले. त्यानंतर आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून त्याने 1820 पासूनची शेकडो युद्धे मोजली आणि त्यांत किती माणसे मेली ते हिशेबात बसवले. त्याला काय दिसले? युद्धे यदृच्छेने, पावसाच्या सरींसारखी येतात. मधला उघडीपीचा काळ कितीही लांबला तरी त्यावरून पाऊस संपल्याची ग्वाही देता येत नाही. 2018 मध्ये एरन क्लॉसेट या संशोधकाने तेच गणित नव्या साधनांनी केले. आणखी शंभराहून अधिक वर्षे शांततेची गेली, तरच युद्धे खरोखर कमी झाली असे गणित खात्रीने म्हणू शकेल, असा त्याचा निष्कर्ष निघाला. शांतता आपोआप वाढत नाही. ती राखावी लागते, आणि राखणदार झोपला की चोर येतो.

मग ती आजवर राखली कोणी, आणि मोडली कोणी? मोडणाऱ्यांची नावे इतिहासात सुवर्णाक्षरांनी आहेत. मरणाऱ्यांची नावे कोठे आहेत? साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या कित्येक खेड्यांत चावडीच्या भिंतीवर एक पांढरा दगड बसवलेला आढळतो. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढेच त्यावर कोरलेले असते. माणसांची नावे नाहीत. गावाने पोरे दिली आणि साम्राज्याने गावाला अंक परत केले! ती पोरे कोठे गेली होती? त्यांतली कित्येक मेसोपोटेमियात गेली. ज्या फौजेचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ होते, ती डिसेंबर 1915 मध्ये टायग्रिसच्या काठी कुत येथे वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 147 दिवस उपासमार, आजार, घोड्याचे मांस. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांचा सेनापती टाउनशेंड कैदेत असूनही इस्तंबूलजवळच्या एका बेटावर पाहुण्यासारखा राहिला. शिपाई वाळवंटातून चालवले गेले आणि वाटेवर हजारोंनी मेले. ज्याच्या हुकुमाने वेढा पडला त्याला बंगला, आणि ज्याने हुकूम पाळला त्याला वाळू! एकाच पराभवाची ही दोन मोजमापे कोणत्या न्यायात बसतात?

ती शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, असे म्हणून सुटका नाही. आजच्या सुदानकडे पाहा. 15 एप्रिल 2023 रोजी खार्टुममध्ये दोन सेनापती एकमेकांवर उलटले आणि अख्खा देश त्या भांडणात भरडला गेला. 2024 च्या अखेरीस 1 कोटी 43 लाख सुदानी परागंदा होते. जगात याहून मोठे विस्थापन दुसरे नव्हते. दारफूरमधल्या झमझम छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला. तो दुष्काळ पाऊस न पडल्याचा नव्हता. रस्ते अडवून, धान्य रोखून, बाजार जाळून माणसाने तो घडवला. सुदानच्या खाणींतले सोने देशाबाहेर जाते आणि बंदुका आत येतात. खाणीत उतरणारा गरीब, बंदुकीसमोर उभा राहणारा गरीब, आणि पुष्कळदा बंदूक धरणाराही गरीब! पुन्हा तेच सोने, पुन्हा तीच न मोजलेली माणसे. व्हिक्टोरिया गोदी आणि दारफूर यांत अंतर किती उरले?

आणि हे सारे परक्यांचे दुःख आहे असे कोण म्हणेल? तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला निघालेली नाशिकची द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. कंटेनरचे भाडे चढले आणि बागाईतदाराचा जीव टांगणीला लागला. जानेवारी 2024 मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून आग लागली, तेव्हा त्यावर 22 भारतीय खलाशी होते. आपल्या नौदलाच्या जवानांनी जाऊन ती आग विझवायला मदत केली. त्यांना माझा मुजरा आहे. आणि याहून विदारक गोष्ट ऐका. नोकरीच्या आमिषाने दलालांनी आपल्या देशातल्या तरुणांना रशियाला नेले आणि त्यांतल्या कित्येकांच्या हाती बंदूक देऊन त्यांना युक्रेनच्या आघाडीवर उभे केले. रशियन सैन्यात अडकलेल्या भारतीयांची 126 प्रकरणे ठाऊक असून त्यांतले 12 मारले गेले, असे भारत सरकारनेच जानेवारी 2025 मध्ये सांगितले. ज्या युद्धाशी ना आपल्या सीमेचा संबंध, ना आपल्या अन्नाचा, त्यात आपले पोर का मरावे? कारण ते बेकार होते, आणि बेकाराचे रक्त स्वस्त असते हे दलालाला ठाऊक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सीमेवर उभा असलेला जवान हा शेतकऱ्याचा आणि कामगाराचाच मुलगा आहे. त्याच्याविषयी अनादराचा एक शब्दही या लेखणीतून निघणार नाही. खडकीच्या, भंडाऱ्याच्या, वरणगावच्या आयुधनिर्माणीत जिवावर उदार होऊन काम करणारे आपले भाऊच आहेत. देशाचे रक्षण हे कर्तव्य आहे. परंतु रक्षण वेगळे आणि युद्धाचा बाजार वेगळा. बाजारात प्रत्येक शांतता हा तोटा असतो आणि प्रत्येक स्मशान हे गिऱ्हाईक. त्या बाजाराचा माल कोणाच्या खांद्यावरून जातो? तुमच्या. त्याचे इंजिन कोण दुरुस्त करतो? तुम्ही. ते जहाज कोण हाकारतो? तुम्ही. आपल्या हातांशिवाय एक तोफ हलत नाही आणि एक गोळी पेटीत भरली जात नाही. तरीही तुमच्याच मनावर बिंबवले गेले आहे की युद्ध हे वरच्यांचे काम, आपण काय करणार!

काय करणार? ईस्ट किलब्राइडच्या कामगारांनी काय केले ते ऐका. 11 सप्टेंबर 1973 रोजी चिलीमध्ये लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून पाडले आणि हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर बॉम्ब टाकले. काही महिन्यांनी स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइड येथे रोल्स-रॉइसच्या कारखान्यात बॉब फुल्टन हा तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे पाळीवर आला. तपासणीसाठी आलेल्या इंजिनावरचा कागद त्याने वाचला: चिलीचे हवाई दल. तो साधा मशीनवरचा माणूस होता. मुकादमाला त्याने सांगितले, मी या इंजिनाला हात लावणार नाही. नोकरी जाऊ शकत होती. पण त्याच्यामागे सगळा विभाग उभा राहिला, मग सगळा कारखाना. ती इंजिने पेट्यांत बंद होऊन आवारात पावसात पडली. चार वर्षे पडली आणि गंजली! अखेर 1978 मध्ये एका रात्री ती गुपचूप हलवावी लागली. आपल्या नकाराने काही घडले की नाही, हे त्या कामगारांना पुढे कित्येक वर्षे कळलेही नाही. 2015 मध्ये चिलीच्या सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला, तेव्हा ते पिकल्या केसांचे म्हातारे झाले होते. कोणी पाहत नसताना, फळाची शाश्वती नसताना, एका माणसाने कागद वाचला आणि हात मागे घेतला. माझ्या दृष्टीने विसाव्या शतकातल्या मोठ्या सेनापतींच्या विजयांहून हा विजय थोर आहे.

आणि ही परंपरा आपल्याही रक्तात आहे. 1945 मध्ये डच सरकार इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडायला जहाजे भरू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी ती भरायला नकार दिला, आणि सिडनीच्या बंदरात भारतीय खलाशी ती जहाजे सोडून उतरले. स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात होता, परक्या मुलुखात डोक्यावर छप्पर नव्हते, तरी दुसऱ्याला गुलाम करणारे जहाज आम्ही हाकारणार नाही, असे म्हणण्याची छाती त्यांना होती. 2019 च्या मे महिन्यात इटलीतल्या जेनोवाच्या कामगारांनी सौदी जहाजावर लष्करी सामान चढवायचे नाकारले, कारण येमेनवर बॉम्ब पडत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच देशातल्या 11 मोठ्या बंदरांवरच्या साडेतीन हजार कामगारांच्या वतीने वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडियाने जाहीर केले की गाझातल्या युद्धासाठी इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार नाही आणि उतरवणार नाही. ज्यांच्या आजोबांना जहाजाच्या पोटात काय आहे हे कोणी सांगितले नव्हते, त्या गोद्यांच्या लेकरांनी ‘पोटात काय आहे?’ असे विचारले.

भगिनींनो, तुमच्यासाठी लायबेरियाची साक्ष आणतो. चौदा वर्षांच्या यादवीने त्या लहानशा देशात सुमारे अडीच लाख माणसे गिळली होती. 2003 मध्ये लेमा बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मन्रोवियाच्या मासळीबाजाराशेजारच्या मैदानात बसल्या. उन्हात बसल्या, पावसात बसल्या, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरची मोटार रोज जाई त्या रस्त्याच्या कडेला बसल्या. घानामध्ये वाटाघाटी रेंगाळल्या आणि तेथल्या हॉटेलात लढणाऱ्या टोळ्यांचे सरदार मजेत राहू लागले, तेव्हा या बायकांनी सभागृहाचे दरवाजे अडवले: करार होईपर्यंत कोणी बाहेर पडायचे नाही! ऑगस्ट 2003 मध्ये करार झाला. टेलर देश सोडून गेला आणि पुढे न्यायालयाने त्याला 50 वर्षांची शिक्षा ठोठावली. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरोघर राबणाऱ्या बायकांनी हे केले. साऱ्या जगाच्या फौजांना जे चौदा वर्षे जमले नव्हते, ते त्यांनी जमवले.

म्हणून ‘युद्धे कमी होत आहेत काय’ हा प्रश्न विद्वानांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ती जेथे कमी झाली, तेथे कोणीतरी हात मागे घेतला, दरवाजा अडवला, कागद वाचला. 1890 पूर्वी मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. गिरणी थांबू शकत नाही, हे मालकांना सूर्य उगवण्याइतके निश्चित वाटे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना एकत्र केले, हजारोंच्या सह्या जमवल्या, रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे असे बजावले, आणि 10 जून 1890 पासून गिरण्या रविवारी थांबू लागल्या. जे यंत्र कधीच थांबणार नव्हते ते थांबले. मग युद्धाचे यंत्र तेवढे देवाने चालवले आहे काय?

उठा. तुमच्या पुढच्या द्वारसभेत बोनस आणि महागाई भत्त्याच्या मागणीबरोबर आणखी एक ठराव घ्या: आम्ही जो माल उचलतो, जोडतो, हाकारतो, तो कशाचा आहे आणि कोणाकडे जातो हे जाणण्याचा आमचा हक्क आहे. परदेशी नोकरीचे कागद घेऊन गावात येणाऱ्या दलालाला चावडीवर बसवा आणि करारनामा मराठीत वाचून दाखवायला लावा. जो वाचणार नाही, त्याच्यासोबत एकही पोर जाऊ देऊ नका. गावातल्या त्या पांढऱ्या दगडाजवळ जा. जुन्या माणसांना विचारा, जुने दप्तर धुंडाळा, आणि अंकामागची नावे शोधून त्या दगडाखाली लिहा. शाळेतल्या मुलांना हे काम द्या. इतिहासाचा याहून चांगला तास त्यांना मिळणार नाही. शेजारच्या देशाविरुद्ध, शेजारच्या धर्माविरुद्ध रक्त तापवणारा मजकूर मोबाइलवर येईल, तेव्हा तो पुढे ढकलणारे बोटही हातच आहे हे विसरू नका, आणि ते मागे घ्या.

आणि 14 एप्रिल आपला आहे. त्या दिवशी बाबासाहेबांचा जन्म झाला, आणि 1944 साली गोदी जळाली तेव्हा तेच व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. सकाळी निळ्या झेंड्याखाली तुम्ही जमताच. यंदा दुपारीही जमा: बंदरात, माथाडीच्या अड्ड्यावर, एमआयडीसीच्या फाटकाशी, बाजार समितीच्या आवारात. चार वाजून सहा मिनिटांनी ओझे खाली ठेवा, मशीनवरचा हात काढा, आणि त्या जहाजावर जो कधी चढला नाही तो लाल बावटा चढवा. मुकादम येऊन विचारील, काम का थांबले? त्याला त्या 66 जवानांची आठवण सांगा, बिननावाच्या हमालांची सांगा, आणि समोरच्या पेटीकडे बोट दाखवून विचारा: यात काय आहे?